वेलीचे कूळ

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा आमच्या भागात मोठ्या गडबडीचा असतो. घराघरांतून भाजणीचा खमंग वास येत असतो आणि मळ्यामळ्यांतून कात्र्यांचा आवाज. द्राक्षवेलीची गोडी छाटणी साधारण याच सुमारास चालते. एप्रिलची खरड छाटणी वेलीला काडी देते, ऑक्टोबरची छाटणी घड देते. म्हणून तिचे नाव गोडी. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्स नावाच्या बंदरात, तो नोकरीला असतो. त्याने वाकून नमस्कार केला, मुलांच्या हातांवर चॉकलेटे ठेवली आणि मग जरा चाचरतच पिशवीतून एक उंच बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

मी दचकलो. सौभाग्यवती तर फराळाची ताटली हातात घेऊन उंबरठ्यावरच थबकल्या. उभ्या आयुष्यात द्राक्षाशी माझा संबंध आला तो मणी तोंडात टाकण्यापुरता. त्याचा रस आंबवून बाटलीत भरलेला या घरात कधी आला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून तो हसला. म्हणाला, "गुरुजी, ही पिण्यासाठी नाही. तुम्हांला वाचण्यासाठी आणली आहे."

बाटलीवर द्राक्षाच्या वाणाचे नाव छापलेले होते : लाकादी ब्लां. हे नाव मी तेव्हा प्रथमच ऐकले. तास-दोन तास तो बोलत राहिला आणि चहा निवून गेला. पुढे मीही त्या विषयावर मिळेल ते वाचले. जसजसे वाचत गेलो तसतसे वाटू लागले, की ही गोष्ट नुसती वेलीची नव्हे. माणसे परस्परांना जो प्रश्न सर्वांत आधी विचारतात आणि जो कधीच विचारू नये असे ऋषींच्या बाबतीत तरी आपण मान्य केले आहे, त्या प्रश्नाची ही गोष्ट आहे. तो प्रश्न म्हणजे : "तुमचे कूळ कोणते?"

आधी तो मुलूख पाहू. कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात घुसलेला, नोव्हा स्कोशिया हा द्वीपकल्पाच्या आकाराचा प्रांत. त्याच्या पश्चिमेला फंडीचा उपसागर आहे. जगातली सर्वांत मोठी भरती येथे येते. आतल्या मायनस खोऱ्यात काही ठिकाणी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत 16 मीटरपर्यंत अंतर पडते. म्हणजे पाच मजली इमारत दिवसातून दोनदा बुडावी आणि दोनदा उघडी पडावी. या पाण्याला लागूनच अ‍ॅनापोलिसचे खोरे आणि गॅस्परोची दरी आहे. समुद्राकडून येणारे धुके आणि गार वारे उत्तरेकडची डोंगराची रांग बरेचसे अडवते. नकाशावर बोट फिरवले, तर फ्रान्समधले बोर्दो शहर आणि हे खोरे जवळजवळ एकाच अक्षांशावर सापडतील. परंतु अक्षांश सारखा म्हणून नशीब सारखे होत नाही. बोर्दोला उबदार सागरी प्रवाहाची शेज मिळाली. इकडे उत्तरेकडून लॅब्राडॉरचा थंड प्रवाह उतरतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली 20 अंशांच्या आसपास जातो आणि उन्हाळा पाहुण्यासारखा येऊन जातो.

अशा हवेत द्राक्ष सावकाश पिकते. उष्ण प्रदेशात साखर भराभर चढते आणि आंबटपणा निघून जातो. थंड समुद्रकाठी साखर बेताची चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. पांढऱ्या वाइनला तो आंबटपणाच तजेला देतो, असे जाणकार सांगतात. आपल्याकडे आमसुलाशिवाय आमटी जशी सपक, तसेच ते असावे. मात्र हे शहाणपण तेथेही फार जुने नाही. या प्रांतात धंदा म्हणून द्राक्ष लावून वाइन करण्याला खरी सुरुवात झाली ती 1980च्या आगेमागे. हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे रॉजर डायल हे प्राध्यापक त्या पहिल्या मंडळींपैकी. त्यांनी ग्रां-प्रे गावात जे वाण लावले त्यांत मिचुरिनेत्स आणि सेवेर्नी असे रशियातले दोन होते. अमूर नदीच्या खोऱ्यातल्या रानवेलीचे रक्त त्यांच्यात होते. त्या वेळी अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होते. परंतु वेलींना पारपत्र लागत नाही, आणि थंडी तर सर्वांचीच सारखी.

आता लाकादीची जन्मकथा. 1953 साली कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतात, व्हाइनलंड येथील फळबाग संशोधन केंद्रात, ब्रॅट नावाच्या संशोधकांनी दोन संकरित वाणांचा पुन्हा संकर केला. युरोपची कुलीन द्राक्षवेल, जिला शास्त्रज्ञ विनिफेरा म्हणतात, आणि अमेरिकेच्या जंगलांतल्या रानवेली, अशा दोन्ही बाजूंचे पूर्वज त्या रोपाच्या वंशावळीत होते. रोपाला नाव मिळाले नाही, एक क्रमांक मिळाला. ओंटारिओत त्याचे फारसे कौतुकही झाले नाही. तेथून ते परीक्षेसाठी नोव्हा स्कोशियात केंटव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात गेले, आणि त्या थंड मातीत त्याने अशी काही मुळे धरली, की आज त्या प्रांताचे मुख्य द्राक्ष म्हणून तेच ओळखले जाते.

हा क्रमांक ऐकला तेव्हा मला माझा मॅट्रिकचा आसनक्रमांक आठवला. परीक्षा मंडळाच्या लेखी आम्ही सारे क्रमांकच होतो. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नाही, गाव लिहायचे नाही, बापाचा धंदा लिहायचा नाही. लिहायचा तो क्रमांक. तेव्हा मला ते फार रुक्ष वाटले होते. आज वाटते, आयुष्यात एवढा न्याय मला पुन्हा क्वचितच मिळाला.

द्राक्षांच्या जगात मात्र असा न्याय नव्हता. तेथेही वर्णव्यवस्था आहे आणि ती चांगली कडक आहे. शॅर्डोने, रीझलिंग, पिनो न्वार ही विनिफेराची घराणी 'उदात्त' म्हणून ओळखली जातात. संकरित वाण पंगतीच्या बाहेर. रानवेलीच्या रसाला एक उग्र दर्प असतो. इंग्रजीत त्या दर्पाला कोल्ह्याचे नाव दिलेले आहे. काही संकरितांना तो खरोखर होता. पण एकदा शिक्का बसला, की ज्यांना तो दर्प नाही त्यांच्याही अंगाला तो येऊ लागतो. 1934 साली फ्रान्समध्ये वाइनचे अमाप उत्पादन झाले, भाव कोसळले, आणि त्या वर्षअखेरीस कायदा करून अमेरिकन रक्ताच्या सहा वाणांवर बंदी घालण्यात आली. यांच्या रसाने माणसाला वेड लागते, असाही प्रवाद पसरला होता. संकट आले, की गावकुसाबाहेरच्यांकडे बोट दाखवण्याची रीत केवळ आपलीच आहे असे मी समजत होतो. ती सार्वत्रिक दिसते.

गंमत अशी, की ज्या कुलीन वेलींची शुद्धता राखण्यासाठी हा खटाटोप, त्या उभ्या होत्या कोणाच्या पायांवर? 1860 नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्समधल्या द्राक्षवेलींची मुळे खाऊन टाकायला सुरुवात केली. मळेच्या मळे वाळून गेले. उपाय सापडला तो असा : अमेरिकेच्या रानवेली या किडीला दाद देत नाहीत, तेव्हा खुंट रानवेलीचा घ्यावा आणि त्यावर कुलीन वेलीचे कलम बांधावे. आज फ्रान्समधले बहुतेक नामांकित मळे या परक्या मुळांवर उभे आहेत. मातीच्या वर उदात्त घराणे, मातीच्या खाली रानवेल. दुसऱ्याच्या श्रमावर उभे राहून त्याला पंगतीला मनाई करणारी घरे आपण पाहिली आहेत. त्यामुळे हे चित्र मला अगदीच अनोळखी वाटले नाही.

आणि आपल्या नाशिककरांनीही मान फार ताठ ठेवू नये. आमच्याकडची थॉमसन काय किंवा तास-ए-गणेश काय, बहुतेक बागा डॉगरिज नावाच्या खुंटावर उभ्या आहेत, आणि तो खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्ससचा. क्षारट पाणी आणि अवर्षण तो सोसतो, म्हणून आमच्या शेतकऱ्याने त्याला जवळ केले. शेतकऱ्याने त्याचे कूळ विचारले नाही. तो तग धरतो का, एवढेच विचारले.

मग निकाल लागलाच म्हणायचा का? कुलीन तेवढे खोटे आणि संकरित तेवढे खरे? माझ्या विद्यार्थ्याने मला एवढे सोपे उत्तर घेऊ दिले नाही. तो गॅस्परोच्या दरीत सुट्टीच्या दिवशी तोडणीला जातो. तो म्हणाला, "गुरुजी, तिथल्या शेतकऱ्यांनी शॅर्डोने नि रीझलिंग हौसेनं लावलीत, आणि त्यांची वाइन खरंच नावाजली जाते." हिवाळे सौम्य होत चालले, तशी शेतकऱ्यांची हिंमतही वाढली. त्यांची ती आवड काही नुसत्या बडेजावातून आलेली नव्हती. चांगल्या गोष्टीची ओढ वाटणे हा काही गुन्हा नव्हे.

परंतु हवामानाने त्यांची परीक्षा घेतली. 4 जून 2018 रोजी ऐन कोवळ्या फुटीवर दंव पडले. त्या दंवाने कुलीन-अकुलीन असा भेद केला नाही. सगळ्यांचेच कोंब पोळले. मग 2023 साल उजाडले. त्या वर्षीचा जानेवारी उबदार गेला, वेली गाफील राहिल्या, आणि 3 व 4 फेब्रुवारीला ध्रुवाकडून आलेल्या थंडीने पारा एकाएकी उणे 20 च्याही खाली नेला. कित्येक मळ्यांत विनिफेराचे बहुतेक सगळे डोळे मेले. संकरितांनाही इजा झाली, लाकादीलाही झाली. पण जे काही वाचले त्यात त्यांचा वाटा मोठा होता. आमच्या मळेवाल्यांना ठाऊक आहे, की वेलीच्या एका डोळ्यात एकच कोंब नसतो. पुढचा मेला, तर मागे दुसरा असतो, त्याच्यामागे तिसरा. कुलीन वेलीच्या मागच्या कोंबाला फळ बेताचेच येते. पुष्कळ संकरितांच्या मागच्या कोंबालाही घड धरतो. पहिली संधी गेली, तर दुसरीचे सोने करण्याची ही विद्या त्यांच्या रक्तात आहे.

येथे माझ्यातल्या मास्तराला टाळी वाजवण्याचा मोह झाला, आणि नेमके येथेच मी थांबलो. कारण वेलीवरून माणसाकडे उडी मारणे ही आपली जुनी खोड आहे. कूळ मानणाऱ्यांचे सगळे दाखले शेतातलेच असतात. खाण तशी माती. पेरावे तसे उगवते. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडूच. ज्या झाडाझुडपांच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांना दाराबाहेर उभे केले गेले, त्याच झाडाझुडपांचा आधार घेऊन मी उलटा निकाल देऊ लागलो, तर न्यायाधीश तेवढा बदलेल. कायदा तोच राहील.

त्यातून आणखी एक धोका निघतो. जो थंडी सोसतो त्याचे कौतुक करता करता आपण त्याला थंडीतच ठेवतो. "तो काटक आहे, त्याला चालते," हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज बोलले जाते! मोलकरणीला गार पाणी चालते, शेतमजुराला ऊन चालते, गरिबाच्या पोराला उपास चालतो. वेल बोलत नाही, म्हणून तिच्या सोसण्याला गुण म्हणणे ठीक. माणसाच्या सोसण्याला गुण म्हणण्यापूर्वी त्याला सोसायला कोण लावतो आहे, ते पाहिले पाहिजे.

हे मी आज मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे. पण समोर बसलेल्या त्या मुलाच्या बाबतीत मी काय केले होते? त्याचे वडील मळ्यांतून रोजाने छाटणी करीत. मुलगा दहावीला असताना एके संध्याकाळी ते माझ्याकडे आले. टोपी हातात धरून ओट्याखालीच उभे राहिले. पोराला सायन्सला घालावे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी त्यांना वर बसासुद्धा म्हटले नाही. म्हणालो, "कशाला उगाच खर्चात पडता? खाण तशी माती. आयटीआयला घाला, हाताला काम मिळेल." ते "बरं गुरुजी" म्हणाले आणि गेले. आयटीआयला जाण्यात काही कमीपणा नाही. कमीपणा होता तो माझ्या कारणात. मी मुलाची वही पाहिली नव्हती. बापाची कात्री पाहिली होती.

आणि हे कोणी केले? माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. माझ्या नावापुढे पदवीची अक्षरे नाहीत, म्हणून सभा-संमेलनांतून कोपऱ्यातली खुर्ची कशी मिळते, ते मी चांगले जाणतो. कादंबऱ्या लिहिल्या, तरी "मास्तर बरे लिहितात हं!" या वाक्यातला तो 'हं' मला अजून टोचतो. ज्याला उंबरठ्यावर थांबवले गेले, तोच पुढे दुसऱ्या उंबरठ्यावर पहारेकरी होऊन उभा राहतो, हे मी कादंबरीतल्या पात्रांविषयी कितीदा लिहिले आहे! स्वतःविषयी आज लिहितो आहे.

दुसऱ्या एका शिक्षकांनी त्याला विज्ञान शाखेत घातले, पहिल्या वर्षाची फीही भरली. मागच्या कोंबाला घड धरला. पण पुढचा कोंब पोळला होता तो माझ्या तोंडच्या वाऱ्याने.

लाकादी या नावाचीही एक हकिगत आहे. सतराव्या शतकात फ्रेंच शेतकरी या किनाऱ्यावर येऊन वसले. त्यांच्या देशाचे नाव अकादी, म्हणून ते अकेडियन. त्यांच्याही आधीपासून, हजारो वर्षे, मिक्मॅक लोक तेथे राहत होते. अकेडियनांनी त्या अजस्र भरतीला बांध घातले आणि बांधात एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा बसवल्या : ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर जाते, भरतीला खारे पाणी आत येऊ शकत नाही. कोकणातल्या खारबंदिस्तीच्या उघाडीत आणि गोव्याच्या खाजन शेतीतल्या मानशीत हीच युक्ती आहे. दोन-चार वर्षांचा पाऊस मीठ धुऊन नेई आणि समुद्राचा तळ सुपीक जमीन होई. पुढे इंग्रजांची सत्ता आली. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला या लोकांनी नकार दिला. 5 सप्टेंबर 1755 रोजी ग्रां-प्रेच्या चर्चमध्ये पुरुषांना आणि मोठ्या मुलांना बोलावून घेण्यात आले आणि त्यांना हद्दपारीचा हुकूम वाचून दाखवण्यात आला. जमीन, गुरेढोरे सरकारजमा. पुढच्या काही वर्षांत हजारो माणसे जहाजांत भरून दूरदूरच्या किनाऱ्यांवर सोडून देण्यात आली. 1760 साली त्यांच्या जमिनींवर न्यू इंग्लंडमधून नवे लोक आणून वसवले गेले. त्यांना फुटलेले बांध दुरुस्त करता येईनात, तेव्हा कैदेत राहिलेल्या अकेडियनांनाच त्या कामाला लावण्यात आले. आपल्याच गेलेल्या शेताचा बांध दुसऱ्यासाठी मजुरीने बांधताना त्या माणसांच्या मनात काय चालले असेल!

2012 साली ग्रां-प्रेच्या त्या बांधांच्या भूमीला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याच वर्षी तेथील वाइनवाल्यांनी त्या प्रांताची म्हणून 'टायडल बे', म्हणजे भरतीचा उपसागर, या नावाची एक पांढरी वाइन बाजारात आणली. नियम असा, की द्राक्षे प्रांतातलीच हवीत आणि दरवर्षी जाणकारांच्या मंडळाने बाटलीचे नाव न पाहता चव घेऊन पसंती द्यावी. तिच्या मुख्य वाणांत लाकादीसारखी संकरित द्राक्षे मानाने बसली आहेत. युरोपनेही 2021 साली आपला कायदा बदलून संकरित वाणांना नामांकित प्रदेशांच्या वाइनमध्ये येण्याची वाट मोकळी केली. कुळाचा आग्रह सुटला तो ज्ञानाने सुटला, की हवा बदलल्यामुळे नाइलाजाने सुटला, हा प्रश्न मी विचारीत नाही. सुटला, हे बरे झाले. मात्र ज्यांना हाकलले त्यांचे नाव वेलीला दिल्याने हिशेब पुरा होत नाही, एवढे लक्षात ठेवावे. नाव देणे सोपे असते. जागा देणे अवघड.

त्या सकाळी निघताना तो पुन्हा वाकला. मी त्याला थांबवले आणि ओट्यावरच्या त्या संध्याकाळची हकिगत सांगितली. बोललो ते शब्द न गाळता सांगितले. तो बराच वेळ अंगणातल्या रांगोळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, बाबांनी हे मला कधी सांगितलंच नाही. ते म्हणायचे, गुरुजींचा आशीर्वाद आहे."

त्याचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. माझे वाक्य त्यांनी मुलापर्यंत पोहोचू दिले नाही. सारे खारे पाणी त्यांनी स्वतःच्याच अंगावर अडवले. कुलीन कोणाला म्हणावे, या प्रश्नावर एवढे वाचून मला जे सापडले नव्हते, ते त्या छाटणी करणाऱ्या माणसापाशी होते, आणि मी त्यांना वर बसा म्हटले नव्हते.

बाटली माझ्या पुस्तकांच्या कपाटात तशीच आहे. ती उघडण्याचा विचार नाही. यंदाही छाटणी सुरू झाली आहे, आणि शेजारच्या मळ्यातल्या मजुरांना फराळाला बोलावले आहे. सतरंजी ओट्यावर अंथरली आहे.